८,४०० किलोमीटरची ३७० झेड: चालवायची की झाकून ठेवायची?

गाडी आहे निस्सान ३७० झेड, म्हणजे दोन दारांची स्पोर्ट्स कार, २०११ची, सहा गिअरची मॅन्युअल, १९ इंची चाकांची. ओडोमीटरवर ८,४०० किलोमीटर. नोंदणी पुण्याची, मुक्काम बाणेरच्या एका सोसायटीच्या बेसमेंटमध्ये. पहिल्या चार वर्षांत सात हजार किलोमीटर झाले. मग घरात मूल आले, मोठी गाडी आली आणि झेड सणासुदीपुरती उरली. गेली अडीच वर्षे ती गेटबाहेर पडलेली नाही. दर रविवारी कव्हर काढायचे, पाच मिनिटे स्टार्ट ठेवायची आणि पुन्हा झाकायची, एवढेच होते. (प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा उभ्या गाड्यांत नेहमी जे सापडते ते एका गाडीवर मांडले आहे.)

२०२६मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होतात, त्यामुळे निर्णय आता लांबवता येत नाही. मालकाचे म्हणणे असे: ३.७ लिटरचे, टर्बो नसलेले, ७,५०० आरपीएमपर्यंत चढणारे सहा सिलिंडरचे व्ही६ इंजिन आणि मॅन्युअल गिअर अशी गाडी आता भारतात नवी मिळणार नाही. मग किलोमीटर का वाढवायचे? झाकून ठेवू, दहा-पंधरा वर्षांनी सोन्याच्या भावाने विकू.

यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा तपासून पाहावा लागतो.

जपण्याचा हिशेब

झेडच्या घराण्यातले सगळ्यात गाजलेले उदाहरण घेऊ. १९७१ची एक डॅटसन (निस्सानचाच जुना ब्रँड) २४० झेड, सुमारे २१ हजार मैल चाललेली आणि मूळ अवस्थेतली, जानेवारी २०२०मध्ये अमेरिकेत ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. ही गाडी नवी असताना साडेतीन हजार डॉलरच्या आसपास मिळायची. एकोणपन्नास वर्षांत जवळपास ८८ पट! ऐकायला झकास वाटते, पण चक्रवाढीने मांडले तर वर्षाला साडेनऊ टक्के पडतात. त्यातून विमा, जागा, टायर, रबर यांचा पन्नास वर्षांचा खर्च वजा करायचा आहे. आणि ही त्या मॉडेलच्या इतिहासातली अपवादात्मक विक्री, सरासरी नव्हे.

शिवाय ती गाडी २१ हजार मैल, म्हणजे सुमारे ३४ हजार किलोमीटर चाललेली होती. किंमत आली ती तिच्या मूळपणाला आणि अवस्थेला.

३७० झेडचे उत्पादन सुमारे बारा वर्षे चालले. जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या उजव्या स्टिअरिंगच्या बाजारांत ती रीतसर विकली गेली. त्यामुळे भारतातली ३७० झेड भारतात दुर्मीळ असली तरी जगात नाही, आणि परदेशी संग्राहक पुण्याच्या बेसमेंटमधली गाडी शोधत येईल हे गृहीत धरण्यात अर्थ नाही. ग्राहक इथलाच, आणि तो आधी सर्व्हिसचे कागद बघतो, मग टायर, मग ओडोमीटरचा आकडा.

आकड्यालाही पायऱ्या असतात. शोरूममधून निघून ऐंशी-शंभर किलोमीटर झालेली गाडी दोन हजार चालवली की तिचा दर्जाच बदलतो. ती 'नवीकोरी' राहत नाही. ८,४००ची गाडी ती पायरी कधीच उतरून आली आहे. ती पाच वर्षांनी २०,००० वर गेली तरी 'कमी चाललेली'च म्हणवते. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे: झाकून ठेवण्याचा फायदा जिथे खरोखर मिळतो, तिथे ही गाडी उभी नाही.

उभ्या गाडीत काय झाले आहे

टायरपासून सुरुवात. नक्षी सात मिलीमीटर शिल्लक, हात लावला तर नवे वाटतात. पण बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख आहे, ०९११, म्हणजे २०११चा नववा आठवडा. बहुतेक टायर कंपन्या दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, टायर बदलायलाच सांगतात. जुना रबर कडक होतो, ओल्यात पकड सोडतो आणि तासाभराच्या वेगवान धावेत आतले थर सुटू शकतात. या टायरवर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकवरच न्यावी. नवा जोड पुढे २४५/४० आर१९, मागे २७५/३५ आर१९. चारही एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि ताज्या तारखेचे घ्यायचे. चांगल्या टायरचा सेट लाख-सव्वा लाखाच्या घरात जातो.

दर रविवारच्या पाच मिनिटांनी गाडी जपली गेली असे मालकाला वाटते. झाले ते उलट. एक लिटर पेट्रोल जळले की वाफेच्या रूपात जवळपास एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले तर ती वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते. पाच मिनिटांत सायलेन्सरची मागची पेटी कोमटही होत नाही, पाणी तिथेच साचते आणि आतून गंज धरते. थंड इंजिनात मिश्रण दाट असते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरते. पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये बॅटरी नीट भरतही नाही. ऑईलच्या झाकणाखाली पांढरट, सायीसारखा थर आहे तो याच सवयीचा. गाडी एक तर नीट चालवावी, नाही तर हातच लावू नये.

बॅटरी ११.९ व्होल्ट दाखवते. बंद गाडीतही अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि कंट्रोल युनिट मिळून साधारण ३० मिलिअँपिअर करंट खातात, म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी सहा आठवड्यांत निम्म्यावर येते. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचा थर बसतो आणि मग चार्ज धरत नाही. ही बदलायचीच. झेडच्या दाराच्या काचेला चौकट नाही. दार उघडताना काच आपोआप किंचित खाली सरकते. बॅटरी मेलेली असेल तर ती सरकत नाही आणि दार आपटले तर काच रबरात अडकून ओरखडते किंवा फुटते. बॅटरी काढण्याआधी काच दोन बोटे खाली घ्यावी. जोडल्यावर काचेचे रीसेट आणि थ्रॉटलचे आयडल लर्निंग (उभ्या गाडीत इंजिनाने किती आरपीएम धरायचे ते पुन्हा शिकवणे) करून घ्यावे, नाही तर आरपीएम वरखाली होत राहते आणि मेकॅनिक उगाच सेन्सर बदलत बसतो.

कमी व्होल्टेजचा आणखी एक त्रास या मॉडेलला आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या ३७० झेडमध्ये स्टिअरिंगचे इलेक्ट्रॉनिक लॉक अडकते, चावीचा दिवा लागतो आणि स्टार्ट बटणाला काही प्रतिसाद मिळत नाही. २०११ची गाडी त्याच काळातली. जिच्यात लॉकचे काम झालेले नाही ती अडीच वर्षांनी बेसमेंटमध्येच रुसण्याची शक्यता धरूनच चालावे.

क्लचचा पेडल निम्म्या वाटेवर मऊ लागतो. इथे ३७० झेडची ओळखीची खोड आहे. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा भाग) गिअरबॉक्सच्या घंटीच्या आकाराच्या पुढच्या खोळीत, शाफ्टभोवती बसवलेला असतो आणि त्याचे अंग प्लास्टिकचे असते. उष्णतेने आणि वयाने तो गळू लागतो, पेडल तळाला जाऊन तिथेच राहतो. सुटा भाग फार महाग नाही. पण बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी पूर्ण दिवसाची. एकदा उतरवलाच तर धातूच्या अंगाचा पर्यायी सिलिंडर, रिलीज बेअरिंग आणि क्रँकची मागची सील एकदमच करून घ्यावी. दुसऱ्यांदा उतरवण्याचा खर्च या तिन्हींपेक्षा जास्त होतो. क्लच प्लेट ८,४०० किलोमीटरला झिजलेली नसते. मात्र दमट हवेत ती फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेली असू शकते. इंजिन चालू असताना गिअर पडत नाही आणि बंद असताना पडतो, तर आधी हाच संशय घ्यायचा.

मागचा हँडब्रेक ओढून ठेवलेला होता. या गाडीत मागच्या डिस्कच्या मध्यभागी हँडब्रेकसाठी लहान ड्रम असतो. दोन पावसाळ्यांत शू ड्रमला चिकटले. जोर लावून गाडी ओढली तर लायनिंग सुटून येते. चाक काढून ड्रमवर बाहेरून हलके ठोकत मोकळे करावे. डिस्कवरचा पातळ तांबडा थर चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो, पण पॅडखालच्या भागात नखाला लागेल एवढा खड्डा असेल तर ती डिस्क बदलायची.

उरले उंदीर. झेडला दोन एअर फिल्टर आहेत, डावा आणि उजवा. डाव्या खोक्यात शेंगांची टरफले आणि कव्हरच्या आतला कापूस सापडतो, उजवे कोरे. एकच बघून झाकण लावणारे बरेच असतात. हे खोके, केबिन फिल्टर आणि बॉनेटखालचे वायरिंग बघितल्याशिवाय सेल मारू नये.

पेट्रोल

टाकी ७२ लिटरची, आत सुमारे १८ लिटर अडीच वर्षांचे पेट्रोल. त्यातले हलके घटक उडून गेलेले, वास वार्निशसारखा. त्यात आता इथेनॉलचा प्रश्न. पंपावर मिळणारे साधे पेट्रोल आज २० टक्के इथेनॉलचे आहे. निस्सानच्या अमेरिकेतल्या मालक-पुस्तिकेत या गाडीसाठी १० टक्क्यांपर्यंतची मर्यादा दिलेली आहे. चालत्या गाडीत याने लगेच काही बिघडत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ऑक्सिजन सेन्सरवरून इंधन वाढवतो, मायलेज थोडे घटते. अडचण येते उभ्या गाडीत. इथेनॉल बाष्प ओढते, पाणी ठरावीक प्रमाणापुढे गेले की इथेनॉल-पाण्याचा थर तळाला वेगळा बसतो आणि पंप नेमके तळाचेच ओढतो. बंद टाकीत हे महिन्याभरात होत नाही, पण वर्षानुवर्षे अर्धी रिकामी टाकी म्हणजे त्याला निमंत्रणच. जुन्या रबराच्या सीलवरही इथेनॉलचा ताण येतो.

म्हणून जुने सगळे पेट्रोल काढून टाकायचे. नव्यात मिसळून 'संपवून टाकू' हा विचार नको. अडकलेला इंजेक्टर १८ लिटरपेक्षा महाग पडतो. पुढे नियम साधा: जे पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत जळणार ते ९५ ऑक्टेनचे चालेल, पावसाळ्यासाठी गाडी उभी करताना टाकी १०० ऑक्टेनच्या, इथेनॉल नसलेल्या इंधनाने काठोकाठ भरायची. पंपावर 'यात इथेनॉल आहे का' असे स्पष्ट विचारूनच भरायचे, कारण धोरण बदलत असते.

रस्त्यावर आणण्याचा क्रम

धुण्याआधी फोटो. चारही बाजू, ओडोमीटर, चेसिस नंबर, खालची बाजू, टायरच्या तारखा. पुढे विकताना हेच फोटो आणि बिले उपयोगी पडतात, आणि विम्याच्या मूल्यांकनालाही.

मग उंदीर, बॅटरी, पेट्रोल, आणि त्यानंतर ऑईल. फिल्टरसह ४.९ लिटर, ५डब्ल्यू-३०. नवे ऑईल भरल्यावर लगेच स्टार्ट करायची नाही. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद तीन-चारदा सेल मारायचा, मध्ये मिनिटभर थांबायचे. वरच्या कॅमशाफ्टवरचे ऑईल केव्हाच निथळून गेलेले असते. तिथपर्यंत दाब पोचू द्यायचा. मग फ्यूज लावून स्टार्ट. हे ऑईल फक्त ५०० किलोमीटरसाठी. आतली घाण घेऊन ते बाहेर जाईल आणि दुसरे भरले जाईल.

ब्रेक आणि क्लचचे ऑईल पूर्ण बदलायचे, दोन्हींना मिळून लिटरभर पुरते. ते पाणी शोषते, म्हणून किलोमीटर कितीही असोत, दर दोन वर्षांनी. कूलंटही नवे. टायमिंगला चेन आहे, पट्टा नाही. त्याची काळजी नको. बाहेरचा ड्राइव्ह बेल्ट मात्र भेगाळला असेल तर बदलावा.

एक तपासणी बहुतेक जण टाळतात, आणि ती टाळू नये. या व्ही६मध्ये पुढच्या टायमिंग कव्हरमागे ऑईल गॅलरीचे (ऑईल वाहून नेणाऱ्या वाटेचे) कागदी गॅस्केट असते. काही वर्षांच्या इंजिनांत ते फाटते, दाब आतल्या आत गळतो आणि बाहेर थेंबही दिसत नाही. डॅशबोर्डवर ऑईलचे तापमान आणि व्होल्ट दिसतात, ऑईलचा दाब दिसत नाही. त्यामुळे मेकॅनिकल गेज लावून, इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगचा दाब मोजायचा. ९८ किलोपास्कलपेक्षा, म्हणजे सुमारे १४ पीएसआयपेक्षा कमी आला तर गाडी तिथेच थांबवायची. दुरुस्तीला इंजिनाची पुढची बाजू उघडावी लागते; काम मोठे आहे, पण बेअरिंग गेल्यानंतरच्या कामापुढे किरकोळ. या एका आकड्यावर पुढचा निर्णय बराचसा अवलंबून आहे. दाब चांगला असेल तर गाडी बिनधास्त चालवण्याजोगी.

पहिल्या तीन-चारशे किलोमीटरमध्ये कुठून तरी ऑईल पाझरेल. सुकलेल्या सील पुन्हा तेल पितात, काही सावरतात, काही नाही. ५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा वर घेऊन बघावी आणि तोपर्यंत घाबरून काही उघडू नये.

कागद आणि पैसे

पूर्ण आयात केलेल्या चारचाकीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण शुल्क ४०,००० रुपये आहे. भारतात बनलेल्या खासगी कारला हेच ५,००० पडते. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली तर महिन्याला ५०० रुपये जादा. पासिंगसाठी गाडी स्वतः हजर करावी लागते, तीही एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट आणि चालू पीयूसीसह. काळी फिल्म आणि बाहेरून लावलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आधीच उतरवावा. मूळ सायलेन्सर भंगारात दिलेला असेल तर शोधाशोध आता सुरू करावी. पन्नास वर्षांची अट असलेल्या 'व्हिंटेज' नोंदणीचा या गाडीला २०६१पर्यंत उपयोग नाही.

विम्यात पाच वर्षांपुढच्या गाडीचे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. नूतनीकरणाच्या संदेशात आलेला आकडा निमूटपणे स्वीकारला की संपूर्ण नुकसानीत हाती फारसे काही लागत नाही. मूल्यांकन करून आकडा वाढवून मागावा. इंजिनात पाणी शिरल्याचे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी सोसायट्यांत शिरले तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या जागच्या जागी बुडाल्या. बेसमेंट सुरक्षित वाटते ते पाऊस सुरू होईपर्यंत.

आता वर्षाचा ढोबळ खर्च. टायर सहा-सात वर्षांत वयानेच बाद होतात, म्हणजे वर्षाला वीस हजार. नूतनीकरण पाच वर्षांत विभागले तर आठ. ऑईल-फिल्टर आठ. बॅटरी दोन-अडीच. विमा चाळीसच्या आसपास. बेरीज ऐंशी हजारांच्या जवळ, गाडी एक मीटर न हलता. तीच गाडी वर्षाला २,५०० किलोमीटर चालवली तर लिटरला आठच्या हिशेबाने तीनशे लिटरहून थोडे जास्त पेट्रोल. महागडे १०० ऑक्टेनचेच भरले तरी पन्नास हजारांच्या आसपास. उभी ठेवून वाचतात ते एवढेच, आणि वर सांगितलेले हँडब्रेक, स्लेव्ह सिलिंडर, सायलेन्सर यांचे बिल त्यातूनच भरायचे.

निर्णय

चालवायची. वर्षाला दोन ते अडीच हजार किलोमीटर, ऑक्टोबर ते मे. पंधरवड्यातून एकदा बाणेर ते लोणावळा आणि परत, साधारण १२० किलोमीटर, भल्या सकाळी. सतरा फेऱ्यांत २,०४० होतात. एक्सप्रेसवेवर सपाटीला १०० ची मर्यादा आहे, आणि सहाव्या गिअरमध्ये हे इंजिन त्या वेगाला आळोखेपिळोखे देत असते. म्हणून दर फेरीत, ऑईल ८० अंशांवर गेल्यानंतर, खालच्या गिअरमध्ये पाच-सहा हजार आरपीएमपर्यंत मोकळी करावी. त्याआधी तीन हजारांच्या वर नाही. एका फेरीत निदान चाळीस मिनिटे इंजिन पूर्ण तापलेले राहिले पाहिजे. औंधपर्यंत जाऊन दूध आणणे यात मोजायचे नाही.

गतिरोधक तिरपा घ्यावा, शक्यतो रस्ताच बदलावा. या गाडीचा पुढच्या बंपरखालचा ओठ एकदा फाटला की मूळ सुटा भाग येईपर्यंत महिने जातात. बाहेरचे काही बसवले तर काढलेला मूळ भाग खोक्यात, चिठ्ठी लावून.

जून ते सप्टेंबर विश्रांती, पण रीतसर. उभी करण्याच्या आदल्या दिवशी ऑईल बदलायचे, सुरू करताना नव्हे. वापरलेल्या ऑईलमधले आम्ल चार महिने बेअरिंगवर राहू देऊ नये. टाकी भरलेली. टायरमध्ये ३५ ऐवजी ४२ पीएसआय. हँडब्रेक मोकळा, पहिला गिअर आणि चाकांना अडणी. बॅटरीला स्मार्ट चार्जर. बेसमेंटमध्ये प्लग नसेल तर ऋण टोक सोडवून. कव्हर कापडी आणि हवा खेळणारे, प्लास्टिकचे कधीच नाही, आणि ओल्या गाडीवर कधीच नाही. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर इनटेकमध्ये तारेची जाळी, आणि स्टिअरिंगवर 'जाळी काढा' अशी चिठ्ठी. डांबरगोळ्या नकोत, वास सीटच्या कापडात वर्षभर राहतो. आणि गाडी बेसमेंटमधून वरच्या छताखालच्या जागेत हलवायची. सोसायटीत अशी जागा नसेल तर चार महिन्यांसाठी भाड्याने घ्यावी. अख्ख्या योजनेत हा खर्च सगळ्यात आधी मंजूर करावा.

योजना मोडण्याची दोनच कारणे धरली आहेत. ऑईलचा दाब कमी निघाला आणि इंजिन उघडण्याची तयारी नसेल, तर दुखणे लपवून न ठेवता, ते सांगून गाडी आहे तशी विकावी. दुसरे, सलग दोन हंगामांत हजार किलोमीटरही झाले नाहीत तर मालकाकडे वेळ नाही असे समजावे, आणि गाडी चालती असतानाच गिऱ्हाईक शोधावे. २०३१मध्ये ती वीस वर्षांची होईल. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांपुढच्या आयात चारचाकीचे नूतनीकरण शुल्क ८०,००० आहे. विकायचेच ठरले तर त्याआधीच्या डिसेंबरात, नवे टायर आणि पाच वर्षांची बिले फाइलमध्ये असताना.